पावसात पेटणारा दिवा

कायमचा बिघाड परवडला, येऊनजाऊन असणारा नको. गाडी सुरूच होत नसेल तर चार माणसं गोळा करून धक्का मारता येतो, टोचन करून गॅरेजात नेता येतं, आणि तिथेही ती हूं की चूं करत नाही म्हटल्यावर मेकॅनिकला बॉनेट उघडावंच लागतं. आमच्या गाडीचं तसं नव्हतं. उन्हाळाभर काही नाही. मृगाच्या चार सरी पडून अंगणात शेवाळ धरायला लागलं, की एखाद्या सकाळी फोंड्याहून पणजीला जाताना म्हार्दोळ ते बाणस्तारीच्या दरम्यान कुठेतरी डॅशबोर्डवरचा इंजिनाचा पिवळा दिवा पेटायचा. गाडी तापत नव्हती, ओढ कमी होत नव्हती. नुसता दिवा, आणि पाठोपाठ पुढचा पंखा असा सुटायचा की जुन्या गोव्याच्या सर्कलला शेजारचा स्कूटरवाला मान वळवून बघायचा. गॅरेजात वेळ मिळून गाडी तिथे पोचेपर्यंत ऊन पडलेलं असायचं आणि दिवा गेलेला असायचा.

दिवा आपोआप जातो यात जादू काही नाही. गाडीच्या कॉम्प्युटरला सलग तीन फेऱ्यांत तो दोष पुन्हा दिसला नाही, तर तो दिवा विझवतो. दोषाचा कोड मात्र आत नोंदलेला राहतो, आणि इंजिन साधारण चाळीस वेळा गार होऊन पुन्हा तापलं, तरी दोष परतला नाही, तरच पुसला जातो. त्यामुळे दिवा नसला तरी स्कॅनर लावला की उत्तर मिळायचं, आणि ते दर वेळी तेच असायचं: पी ०५९७. थर्मोस्टॅट हीटर कंट्रोल सर्किट, ओपन. म्हणजे थर्मोस्टॅटच्या हीटरकडे जाणारी विजेची वाट कुठेतरी तुटलेली.

आता यातला ‘थर्मोस्टॅट’ हा शब्द ऐकला की गॅरेजमधल्या निम्म्या लोकांचे कान तिथेच बंद होतात. पुढचं ‘सर्किट’ कुणी ऐकतच नाही.

गाडी सेकंड-हँड, युरोपीय घराण्याची, टर्बो पेट्रोल. घेताना सगळ्यांनी सांगितलं होतं की पार्ट महाग पडतील. पार्ट महाग पडतात याचं मला एवढं काही वाटत नाही, ठणठणीत पार्ट काढून महागडे पार्ट बसवले जातात याचं वाटतं. असो.

साधा थर्मोस्टॅट म्हणजे इंजिन आणि रेडिएटर यांच्यामधलं दार. त्यात पितळेची एक कुपी, कुपीत मेण. इंजिन गार असताना मेण घट्ट असतं, दार बंद राहतं आणि कूलंट इंजिनातल्या इंजिनात फिरून लवकर तापतं. मेण वितळलं की फुगतं, एक पिन पुढे ढकलतं, दार उघडतं आणि कूलंट रेडिएटरकडे जातं. १९३० च्या दशकात सर्जियस व्हर्नेट नावाच्या माणसाने मेणाची ही युक्ती काढली आणि अजून तिला तोड मिळालेली नाही. बहुतेक साध्या गाड्यांत हे दार ८२ ते ८८ अंशांच्या आसपास उघडायला लागतं. ना वायर, ना फ्यूज, ना कोड.

नव्वदच्या दशकात जर्मन इंजिनवाल्यांच्या डोक्यात आलं की एकच तापमान सगळ्या वेळी कशाला हवं? सपाट रस्त्यावर रमतगमत चालताना इंजिन जरा जास्त गरम असलेलं बरं, तेल पातळ राहतं, घर्षण कमी होतं, पेट्रोल वाचतं. घाट चढताना किंवा ट्रकला ओव्हरटेक करताना मात्र ते थंड हवं, नाहीतर नॉकिंग होतं, म्हणजे पेट्रोल अवेळी पेटून इंजिन ठकठकतं. मग त्यांनी कुपीत भरायला असं मेण निवडलं जे १०३ ते १०५ अंशांना दार उघडेल, आणि त्या मेणातच एक छोटासा हीटर खुपसला. इंजिन गार करावं असं कॉम्प्युटरला वाटलं की तो हीटरला वीज देतो, मेण वेळेआधी वितळतं आणि दार लवकर उघडतं. म्हणजे गार करण्यासाठी गरम करायचं. मला हे कळलं त्या दिवशी मी दोन-तीन जणांना पकडून पकडून सांगितलं, कुणाला फारसं कौतुक वाटलं नाही.

पण आमच्या गाडीची लक्षणं यातून सरळ उलगडतात. हीटरला वीज मिळाली नाही म्हणून थर्मोस्टॅट मरत नाही, १०५ च्या आसपास तो आपल्या मेणाच्या जोरावर उघडतोच. म्हणून गाडी उकळत नाही. कॉम्प्युटरला मात्र आता दार आपल्या हातात नाही एवढं कळतं, आणि तो घाबरून पंखा पूर्ण वेगाने सोडतो. डॅशबोर्डवरच्या तापमानाच्या काट्यावर तर काहीच दिसत नाही. हल्लीच्या बऱ्याच गाड्यांत तो काटा मुद्दाम आळशी ठेवलेला असतो. कूलंट पंचाहत्तर असो की एकशे पाच, तो आपला मध्यभागी. गिऱ्हाइकाने उगाच घाबरू नये म्हणून केलेली ही सोय. खरा आकडा हवा असेल तर स्टिअरिंगखालच्या सॉकेटला ब्लूटूथचा छोटा अॅडॅप्टर लावून मोबाइलवर बघावा लागतो.

माझे सासरे एके काळी डिचोलीच्या खाणींवर ट्रक घालायचे. २०१२ साली खाणी थांबल्या तेव्हा त्यांनी ट्रक विकले, पण गाड्यांबद्दलची मतं ठेवली. त्यांचा सल्ला एका ओळीचा होता: “काढून टाक तो थर्मोस्टॅट. गोव्यात त्याचं काम काय?” खनिजाचे टिपर चालवणाऱ्या कित्येकांनी तेच केलं होतं. मे महिन्यात मातीने माखलेल्या रस्त्यावरून भरलेला ट्रक रांगेत रखडतोय, रेडिएटर अर्धा चोंदलेला आहे, अशा वेळी दार कायमचं उघडं असलं तर चार पैशांचा जीव वाचतो, हे खरंच. पण आजच्या पेट्रोल इंजिनाचं दार काढून टाकलं तर पणजीला पोचेपर्यंतसुद्धा ते धड तापत नाही. इंजिन अजून गार आहे असं समजून कॉम्प्युटर पेट्रोल जास्त सोडत राहतो, त्यातलं थोडं तेलात उतरतं, झीज वाढते, आणि वर ‘कूलंट पुरेसं तापत नाही’ असा पी ०१२८ हा वेगळाच कोड येतो. सासऱ्यांना हे समजावताना मी बरीच आकडेवारी सांगितली. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, “बरं, मग कूलंटच्या जागी पाणी तरी घाल.” तेही नाही घातलं. आपल्याकडे बर्फ पडत नाही म्हणून कूलंट नको, हा समज इथे घट्ट बसलाय. पण निम्मं ग्लायकॉल घातलेलं कूलंट साध्या पाण्यापेक्षा उशिरा उकळतं, आणि त्यातल्या रसायनांमुळे अॅल्युमिनियमला गंज चढत नाही. १०५ अंशांवर चालणाऱ्या इंजिनाला ते लागतंच.

पहिल्या पावसाळ्यात गॅरेजने थर्मोस्टॅट बदलला. पुरावा म्हणून तिथल्या पोराने जुना थर्मोस्टॅट चहाच्या टोपात उकळत्या पाण्यात टाकून दाखवला. पाणी खदखदतंय, दार हलत नाही. “बघा मॅडम, जॅम.” चवथीच्या आधीची गर्दी होती, सगळ्यांनाच गाड्या वेळेत हव्या होत्या, मी पैसे दिले आणि गाडी घेऊन आले. दिवा गेला. भाद्रपदात पाऊसही ओसरला. दिवाळी, जत्रा, शिगमो, सगळं सुरळीत पार पडलं आणि दुरुस्ती पक्की झाली अशी सगळ्यांची खात्री पटली.

पुढच्या मृगात दिवा पुन्हा पेटला. गॅरेजचं म्हणणं, पार्ट डुप्लिकेट लागला असेल, या वेळी कंपनीचाच टाकू. टाकला. श्रावणात दिवा गेला. आता इथे कुणालाही वाटेल की पार्टमध्येच खोट आहे. पण थर्मोस्टॅट बदलताना काय काय होतं ते बघा. कपलर, म्हणजे वायरी जोडणारं प्लॅस्टिकचं सॉकेट, काढून पुन्हा घट्ट बसवला जातो, त्यामुळे पिना घासून साफ होतात. आजूबाजूच्या वायरिंगचा गठ्ठा ओढला-सारला जातो. स्कॅनरने कोड पुसला जातो. आणि गाडी दोन दिवस छपराखाली कोरडी उभी राहते. यातल्या कुठल्याही गोष्टीने बिघाड तात्पुरता लपू शकतो, आणि श्रेय मात्र नव्या पार्टला.

उकळत्या पाण्याचा तो पुरावा माझ्या डोक्यातून जात नव्हता. जुना थर्मोस्टॅट मी मागून आणला होता. त्याच्या कडेवर बारीक अक्षरांत १०५ कोरलेलं होतं. आणि पाणी शंभरला उकळतं! समुद्रसपाटीच्या गोव्यात, टोप कितीही वेळ गॅसवर ठेवला तरी त्यातलं पाणी शंभराच्या पुढे जाणार नाही, मग १०५ चं दार उघडणार कसं? स्वयंपाकघरात मी तोच प्रयोग पुन्हा मांडला. पाणी उकळलं, दार बंद. मग यूपीएसच्या जुन्या बॅटरीतून दोन वायरी काढून कपलरच्या पिनांना लावल्या. (हे पाण्यात बुडवूनच करायचं, हवेत हीटरला वीज दिली तर तो जळतो.) थोडा वेळ काही नाही. मग पितळेची चकती स्प्रिंगवरून अगदी सावकाश, केसाएवढी उचलली गेली, आणि बघता बघता चांगलं बोटभर दार उघडलं. मीटरवर हीटरचा रोध पंधरा ओहमच्या आसपास. बॅटरीचे साडेबारा व्होल्ट धरले तर पाऊण-एक अँपिअर, दहा वॉटचं काम. थर्मोस्टॅट ठणठणीत होता.

साध्या थर्मोस्टॅटसाठी टोपातली परीक्षा शंभर टक्के बरोबर आहे, पिढ्यान् पिढ्या मेकॅनिक तीच घेत आलेत. या जातीच्या थर्मोस्टॅटला मात्र ती लावली की नवा कोरा पार्टसुद्धा नापास होतो.

तेव्हा एका ओळखीच्यांनी कुर्टीच्या बाजूला बसणाऱ्या एका वायरिंगवाल्या काकांकडे पाठवलं. त्यांचं गॅरेज म्हणजे पत्र्याची शेड, भिंतीवर जुने अल्टरनेटर टांगलेले, आणि कोपऱ्यात देवाच्या फोटोपुढे विझलेली उदबत्ती. स्कॅनर नाही. मी कोड सांगायला सुरुवात केली तर त्यांनी हात वर केला.

“बाय, कोड कितें म्हणटा तें सोड. केन्ना येता तें सांग.”

कधी येतो? पावसात येतो, मी म्हटलं. ते म्हणाले, पावसात म्हणजे गाडी भिजताना की भिजून झाल्यावर? मला सांगता येईना. म्हणाले, मग ते बघून ये.

कॉम्प्युटर कोड टाकतो तेव्हा त्या क्षणाची एक नोंदही ठेवतो: वेग किती, आरपीएम किती, कूलंटचं तापमान किती. गॅरेजमध्ये ही नोंद सहसा कुणी उघडत नाही, कारण पार्टचं नाव तर आधीच मिळालेलं असतं. मी मोबाइलवर ती उघडली. एकदा कूलंट चाळिशीत असताना कोड आलेला, एकदा शंभराला टेकलेलं असताना. म्हणजे हीटर तापला की आतून सुटतो, ही शंका बाद. तसं असतं तर गार इंजिनावर कोड आलाच नसता. मग दिवस ताडून बघायला लागले. भर दुपारी पणजीत ढग फुटल्यासारखा पाऊस, मिरामारच्या रस्त्यावर गुडघाभर पाणी, त्यातून गाडी घातली, तरी दिवा नाही. आणि रात्रभर कोसळून सकाळी लख्ख ऊन पडलेलं असताना घराबाहेर पडल्यावर दिवा. रस्त्यावरून उडणाऱ्या पाण्याचा संबंधच नव्हता. गाडी रात्री जिथे उभी असते तिथे काहीतरी होत होतं.

मधल्या काळात इतर संशयितही तपासून झाले होते. उंदीर, कारण आमच्याकडे वाड्यावर गाड्यांच्या वायरी कुरतडणं हा त्यांचा जोडधंदाच आहे. दात लागलेली वायर कुठे दिसली नाही. या थर्मोस्टॅटचा आणखी एक नेहमीचा रोग म्हणजे आतलं सील सुटून कूलंट कपलरमध्ये झिरपतं, आणि मग वायरीच्या आतल्या आतून चढत पार कॉम्प्युटरपर्यंत जातं. तेही नव्हतं, कपलर कोरडा, पिना पिवळ्याधमक.

काकांना हे सगळं सांगितलं तेव्हा ते खूश झाले असं वाटलं, चेहऱ्यावरून कळायला मार्ग नव्हता. म्हणाले, रात्री जोराचा पाऊस झाला की सकाळी गाडीला हात लावू नकोस, मला फोन कर. मला हे फार आवडलं. आजवर प्रत्येक जण बिघाडाला आपल्या गॅरेजमध्ये बोलावत होता.

आषाढातल्या एका सकाळी ते रेनकोट घालून स्कूटरवरून आले. सामान म्हणजे एक मीटर आणि ब्रेकलाइटचा एक बल्ब, २१ वॉटचा, त्याच्या बुडाला झाळलेल्या दोन लांब वायरी. थर्मोस्टॅटचा कपलर काढला, चावी फिरवायला सांगितली आणि सप्लायच्या पिनेला मीटर लावला. बारा पूर्णांक दोन. म्हटलं, झालं, सप्लाय तर आहे. काकांनी मान हलवली आणि मीटरच्या जागी बल्ब लावला. बल्बमधली तार तांबूस झाली. पेटली म्हणता येणार नाही. हाताची ओंजळ करून आत डोकावलं तेव्हा ती लाल रेघ दिसली. बल्ब तसाच ठेवून त्याच पिनेवर पुन्हा मीटर लावला. आता तीन व्होल्टसुद्धा धड नाहीत.

“व्होल्ट आसात, पूण बळ ना.”

मीटरला मोजायला वीज जवळजवळ लागतच नाही. त्याचा स्वतःचा रोध सहसा दहा लाख ओहमच्या पटीत, म्हणजे त्यातून वाहणार मायक्रोअँपिअर. कुजकी, अर्धी तुटलेली वायरही तेवढं सहज नेते. ओहोळावरच्या जुन्या साकवावरून माणूस झपझप पलीकडे जातो, म्हणून त्यावरून भरलेली गाडी जाईल असं कुणी म्हणत नाही. २१ वॉटचा बल्ब म्हणजे ती भरलेली गाडी: पावणेदोन अँपिअर मागणारी. थर्मोस्टॅटचा हीटर त्याच्या निम्मंच मागतो, म्हणजे बल्ब नीट पेटला तर हीटरचं काही अडणार नाही. दोन पावसाळ्यांत कितीतरी जणांनी या पिनेवर मीटर लावून ‘सप्लाय ओके’ म्हटलं होतं, आणि सगळ्यांचं वाचन अचूक होतं.

आता हरवलेले नऊ व्होल्ट शोधायचे. बल्ब लावलेलाच ठेवायचा, मीटरची एक तार बॅटरीच्या प्लसवर, आणि दुसरी वाटेने एकेक टप्पा पुढे सरकवायची. जिथपर्यंत मीटर शून्याजवळ, तिथपर्यंत वाट चांगली. फ्यूजच्या अलीकडे शून्य, पलीकडेही जवळपास शून्य. रिलेच्या (विजेवर चालणाऱ्या स्विचच्या) बाहेर पडल्यावरसुद्धा एक दशांशाच्या आत. म्हणजे जे काय होतं ते रिले आणि कपलर यांच्यामधल्या टेप गुंडाळलेल्या गठ्ठ्यात. तो गठ्ठा इंजिनाच्या मागून, समोरच्या काचेखालच्या भिंतीला चिकटून जातो. काकांनी त्याच्यावरून हात फिरवत फिरवत जागोजाग दाबायला सुरुवात केली. मी बल्बकडे बघत होते. डाव्या कोपऱ्यात, जिथे गठ्ठा खाली झोळ घेऊन पुन्हा वर चढतो तिथे त्यांनी दाबलं, आणि बल्ब भक्कन पेटला. सोडलं, तांबूस.

ब्लेडने टेप कापली तर आतून पाणी ओघळलं. चांगलं चमचाभर. कापडी टेप पाणी आत घेते आणि मग सोडत नाही. झोळाच्या अगदी तळाशी कारखान्यातलाच एक जॉइंट होता: पाच-सहा वायरी एका तांब्याच्या पट्टीत दाबून बसवलेल्या, वरून नुसती टेप, ना स्लीव्ह ना गोंद. बाकीच्या वायरी काळवंडलेल्या पण धडधाकट. त्यांतली जी सगळ्यांत खाली, तिच्या तोंडाशी मोरचुदाच्या रंगाची बुरशी. आतल्या बारीक तारांपैकी बहुतेकांची पूड झालेली, दोन-तीन उरलेल्या त्या हिरवळीतून पट्टीला कशाबशा टेकलेल्या. काकांनी नखाने जरा ओढलं तर वायर सुटून हातात आली. “हें पळय.”

ओल्या तांब्यात वीज खेळत असली की प्लसकडची बाजू आधी झिजते, त्यात आपल्या हवेतलं मीठ. कोरड्या दिवसांत त्या उरलेल्या तारा टेकून राहत, हीटरला लागणारी वीज जेमतेम पोचे. पाणी भरलं, थोडी हलली, की वाट पूर्ण तुटे आणि कॉम्प्युटर ओपन म्हणे. अगदी खरं म्हणे. हाच दोष वायर बॉडीला टेकल्याने आला असता तर कोड पी ०५९८ आला असता, प्लसला चिकटली असती तर ०५९९. त्याने ‘ओपन’ असं स्पष्ट सांगितलं होतं, आणि कुठे ते शोधायचं काम आपल्यावर सोडलं होतं.

पण पाणी तिथे आलंच कुठून? वायपरखालची प्लॅस्टिकची जाळी काढली तेव्हा आत काळा लगदा. गाडी रात्री फणसाखाली उभी असते, आणि पलीकडे शेजाऱ्यांचा शेवगा आहे. फणसाची पानं जाळीवरच अडकतात, ती आपण उचलून टाकतो. शेवग्याचा बारीक पाला मात्र जाळीतून सरळ आत जातो, कुजतो, आणि पाणी निघून जाण्यासाठी कोपऱ्यात ठेवलेलं भोक बुजवतो. अंगण थोडं उतरतं, गाडीचं नाक खाली. रात्रभर तिथे तळं साचायचं आणि वायरिंग जिथून आत शिरतं त्या रबरावरून थेंब थेंब गठ्ठ्यात उतरायचं. रस्त्यावर गाडी वेगात असली की तेच पाणी दुसरीकडून निघून जायचं.

दुरुस्तीबद्दल काकांची मतं ठाम होती. वायर मागे कापत गेले, आतली तार काळी दिसली की आणखी कापायची, तांबं लखलखीत दिसेपर्यंत. वीतभर तरी गेली असेल. तेवढाच जाडीचा नवा तुकडा घातला. मी विचारलं, झाळणार ना? तर नाही. झाळलं की कथील तारांमधून वर चढतं, वायर तेवढ्यात काठीसारखी ताठ होते आणि इंजिनाच्या थरथरीने नेमकी तिथेच मोडते, असं त्यांचं म्हणणं. नीट दाबलेला जॉइंट आणि वरून आतून गोंद असलेली श्रिंक स्लीव्ह. झाळण्याच्या बाजूने बोलणारेही चांगले वायरिंगवाले आहेत. मी त्या भांडणात पडले नाही, पण स्लीव्ह तापवल्यावर दोन्ही टोकांतून गोंदाची बारीक कड बाहेर आली तेव्हा आत पाणी जाणार नाही एवढं पटलं. गठ्ठ्याचा झोळ उचलून जॉइंट वरच्या अंगाला बांधला. बल्ब लावला तर डोळे दिपले. वाटेत हरवणारे व्होल्ट आता एक दशांश. उरलेल्या वायरींची तोंडंही त्याच बैठकीत नवी करून घेतली, कारण आज ना उद्या त्यांची पाळी येणारच होती.

खरी परीक्षा घ्यायला घाट हवा. पुढच्या रविवारी धो धो पावसात मोल्यापर्यंत गेलो, मोबाइल समोर लावून. तिथपर्यंतच्या सपाट रस्त्यावर कूलंट १०३-१०४ वर रेंगाळत होतं. अनमोडचा घाट सुरू झाला, दुसऱ्या गिअरमध्ये गाडी टाकून पाय दाबला, आणि आकडा उतरायला लागला. ९८, ९४, ९०. वर पोचेपर्यंत ८७. चढावर इंजिन गार होत चाललंय हे दृश्य सासऱ्यांना दाखवायलाच मी त्यांना मागे बसवलं होतं. ते काचेबाहेरचे धबधबे बघत होते. थोड्या वेळाने म्हणाले, “पंखा लागला नाही आज.” त्यांच्याकडून एवढी पावती पुष्कळ झाली.

काकांनी मजुरी किती घेतली ते सांगितलं तर थर्मोस्टॅटची किंमत माहीत असलेल्या माणसाला हसू येईल. वर त्यांनी घरी पडून असलेल्या थर्मोस्टॅटची चौकशी केली, म्हणून एकावर पट्टी चिकटवून रोधाचा आकडा लिहिला आणि देऊन टाकला. साखळीच्या कुणाच्या तरी अशाच गाडीला तोच कोड येत होता. काकांनी तिथेही आधी बल्ब लावला, तो लख्ख पेटला. मग हीटर मोजला, तर मीटरवर आकडाच येईना. त्या गाडीचा थर्मोस्टॅट खरोखरच गेला होता.